पोटवाल्या मॅडम

आमच्या बारामतीच्या कॉलेजात नवीन रुजू झालेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी फसायचा. मुलांच्या तोंडून 'पोटवाल्या मॅडम' हे नाव ऐकून तो स्टाफरूममध्ये एखादी गोलमटोल बाई शोधायचा. समोर यायच्या त्या उसाच्या कांडक्यासारख्या सडसडीत, चष्मा कपाळावर चढवलेल्या, प्राणिशास्त्राच्या मॅडम. त्या त्याला खुर्ची द्यायच्या आणि विचारायच्या, "सकाळी काय खाल्लंत?" तो म्हणायचा, पोहे. मॅडम त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या. "पोहे म्हणताय. मी तोंडावर विश्वास ठेवत नाही, पोटावर ठेवते. पण तुमचं पोट काही मला उघडता येणार नाही, तेव्हा पोहेच धरू."

उघडायला त्यांच्याकडे दुसरी पोटं होती. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात अगदी तळाशी राहणारे मासे काय खातात, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्याला लावून घेतला होता. गोव्याच्या एका संस्थेतून त्यांना बरण्या यायच्या. बरणीत एकेक मासा, चपट्या डोक्याचा, डोळे वरच्या बाजूला, तोंड जवळजवळ कल्ल्यांपर्यंत फाटलेलं. मॅडम म्हणायच्या, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखा चेहरा. रक्त गोठू नये म्हणून ज्याच्या अंगात निसर्गाने वेगळी सोय करून ठेवली आहे, असा तो मासा मे महिन्यात बारामतीच्या पत्र्याखाली एका टेबलावर पडलेला असायचा, आणि मॅडम एका हाताने वहीने वारा घेत दुसऱ्या हाताने त्याचं पोट उसवत असायच्या. माझा मराठी विभाग त्या खोलीला लागूनच. मी वर्गात चांदण्यावरची कविता शिकवायला लागलो की नेमका पलीकडून औषधातल्या माशांचा वास यायचा. त्या बॅचची मुलं अजून चांदणं म्हटलं की नाक मुरडतात.

एकदा आमच्या हेडक्लार्कच्या मुलाचं लग्न बावड्याला होतं. जेवण बुफे पद्धतीचं. मॅडम ताट हातात घेऊन एका खांबाला टेकून उभ्या होत्या आणि मधूनमधून पर्समधली छोटी डायरी काढून त्यात काहीतरी लिहीत होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "तळाचे मासे चार तऱ्हांनी जेवतात, सर. पहिला बसून. दगडाच्या आड दिवसभर हलायचं नाही, समोरून काही वळवळत गेलं की गट्टम. दुसरा फिरून. इथे एक अळी, तिथे दोन शंख, वाटेत कुणाची तरी अंडी. तिसरा वाळूसकट तोंडभर घेतो, हवं ते ठेवतो आणि बाकी कल्ल्यांतून बाहेर सोडतो. चौथा वर मधल्या पाण्यात झिंग्यांचा थवा आला की तळ सोडून तिकडे पळतो."

"आणि डायरीत काय?" मी विचारलं.

त्यांनी डायरी पुढे केली. प्राचार्य सोफ्यावर बसून समोरून जाणाऱ्या जिलबीच्या ताटाकडे फक्त हात लांब करत होते. त्यांच्या नावापुढे 'बसून' असं लिहिलं होतं. रसायनशास्त्राचे सर प्रत्येक टेबलापाशी थोडं थोडं खात मांडवाला प्रदक्षिणा घालत होते, ते 'फिरून'. आईस्क्रीमची गाडी आली तेव्हा अर्धा स्टाफ त्या दिशेने गेला, ते सगळे चौथ्या रकान्यात. माझं नाव तिसऱ्या रकान्यात होतं. पुढे शेरा होता, 'पुलाव चाळून काजू ठेवतात. कौशल्य उत्तम.' त्या दिवसापासून मी लग्नात पुलाव घेताना आधी मॅडम कुठे उभ्या आहेत ते बघतो.

कामाच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी गंमत करायची सोय नव्हती. एका बाहेरच्या तज्ज्ञाने लिहिलं होतं की त्यांतला एक मासा समुद्री शेवाळही खातो, कारण त्याच्या पोटात ते नेहमी सापडतं. मॅडम दोन आठवडे कुणाशी धड बोलल्या नाहीत. एके दिवशी मी कन्हेरी गावच्या आमच्या बांधावरचे पेरू घेऊन गेलो. त्यांनी एक पेरू खाल्ला, दुसरा अर्धा खाल्ला आणि थांबल्या. "सर, पेरू खाताना तुम्ही बिया गिळता ना?"

"गिळतो."

"त्या पचतात का?"

"नाही."

"म्हणजे उद्या कुणी तुमचं आतडं तपासलं, तर त्याला पेरू दिसणार नाही, बिया दिसतील. तो लिहील, मराठीचे प्राध्यापक बिया खातात." त्या उठल्याच. पुढचे तीन महिने त्यांनी माशांची आतडी टोकापर्यंत उघडून पाहिली. शेवाळ शेवटपर्यंत हिरवंच्या हिरवं राहत होतं. त्याला चिकटून बसलेले बारीक झिंगे मात्र सुरुवातीलाच विरघळून जात होते. मासा झिंग्यांच्या मागे जात होता, शेवाळ तोंडात आपोआप येत होतं. लेख छापून आला. त्यांनी त्यात पेरूचं उदाहरण दिलं होतं, ते संपादकांनी कापलं. मॅडमनी त्या संपादकांना कधी माफ केलं नाही. "सगळ्यांत पक्का पुरावा तोच होता," असं त्या म्हणत.

दर रविवारी त्या इंदापूरच्या मासळी बाजारात जायच्या. तिथे एका मासळीवाल्या बाईशी त्यांचं ठरलेलं होतं. ती मासे साफ करताना पोटं वेगळ्या पिशवीत टाकून ठेवायची. "ह्या मास्तरीणबाईला मासा नको असतो," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "त्यानं काल काय खाल्लं ते पायजे असतं." एकदा मी बरोबर होतो. बाई एका गिऱ्हाइकाला चिलापी दाखवून सांगत होती, धरणातली हाय, पहाटं जाळ्यातनं काढली. मॅडमनी शेजारी बसून त्याच ढिगातल्या एका माशाचं पोट उघडलं, आत बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "ही धरणातली नाही. शेततळ्यातली आहे. हिला भाताचा कोंडा घातलाय." गिऱ्हाईक पिशवी गुंडाळून निघून गेलं. मासळीवाली रागावली नाही. सुरीला पाणी लावत एवढंच म्हणाली, "बाई, तुमी खरं सांगा, पर गिऱ्हाईक गेल्यावर सांगत जावा."

खरं आणि खोटं यांचा हिशेब त्यांच्यापाशी इतका कडक होता. म्हणूनच मला जे कळलं त्याने मी चक्रावलो.

त्या दक्षिण ध्रुवावर जाऊन आल्या आहेत, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. लासुर्णे या त्यांच्या गावात तर लहान पोरालाही माहीत होतं. मुलं विचारायची, मॅडम, तिथे थंडी किती असते? त्या सांगायच्या, वारा सुटला की पापण्यांवर बर्फ धरतो. तिथे आंघोळ कशी करतात? त्या सांगायच्या, बर्फ वितळवून, आणि तीही रोज नाही. ऐकता ऐकता एके दिवशी माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. मराठीत एक सोय आहे, कर्ता न सांगता वाक्य पूर्ण करता येतं. मॅडम 'धरतो', 'करतात', 'असते' म्हणायच्या. 'मी गेले', 'मी पाहिलं' असं एकही वाक्य मी चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी ते बोलून दाखवलं. त्या कपाकडे बघत हसल्या. "मराठीवाल्यांपासून सावध राहायला हवं होतं."

तिशीच्या आत असताना त्यांची मोहिमेसाठी निवड झाली होती. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, सगळ्या लासुर्ण्यात पेढे वाटले. तात्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पत्नीच्या माघारी त्यांनी एकट्याने ही एकुलती एक मुलगी वाढवली आणि शिकवली होती. मॅडम गोव्याला पोचल्या आणि शेवटच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना त्यांच्या हृदयात कसलीशी बारीक फुरफुर ऐकू आली. जहाज त्यांच्याशिवाय सुटलं. संस्थेतल्या एका भल्या अधिकाऱ्याने विचारलं, आधीच्या मोहिमेच्या बरण्या पडून आहेत, चार महिने बसून तपासता का? त्या बसल्या. पेढे वाटून झालेल्या गावात कोणत्या तोंडाने जायचं, हा प्रश्न पुढे ढकलता येत होता. तात्यांना त्यांनी पोचल्याचं एक पत्र टाकलं होतं, संस्थेच्या पाकिटातून. त्यानंतर काहीच लिहिलं नाही.

"परत आले तेव्हा ठरवलं होतं, एसटीतून उतरल्या उतरल्या सांगून टाकायचं," मॅडम म्हणाल्या. "लासुर्ण्याच्या स्टँडवर उतरले, तर तात्यांनी हलगीवाला उभा केलेला. मी तोंड उघडलं ते 'तात्या, ऐका' म्हणायला. तेवढ्यात चुलतीने त्यात पेढा घातला. मोठा होता. तो गिळेपर्यंत माझ्या गळ्यात हार पडला होता आणि हलगी सुरू झाली होती."

गोव्याच्या उन्हात त्या काळ्या झाल्या होत्या. चुलतीने विचारलं, बर्फात जाऊन पोर काळी कशी झाली? तर तात्यांनीच समजावलं की बर्फावरचा उजेड उन्हापेक्षा कडक असतो. मॅडमना हे ऐकून नवल वाटलं होतं. हे तात्यांना कुठून कळलं, हा प्रश्न मात्र तेव्हा त्यांच्या मनात आला नाही.

खोटं एक शब्दही न बोलता त्या खोट्यात अडकल्या, आणि तात्यांनी त्यांना त्यातून सुटू दिलं नाही. दर शनिवारी मॅडम लासुर्ण्याला जायच्या. तात्या बाजेवर बसून वाट बघत असायचे आणि एखादा प्रश्न तयार ठेवायचे. "तितं सा म्हैनं दिवस असतो म्हनं. मग जेवायचं कवा, ते कसं कळतं?" दुसऱ्या शनिवारी, "दात घासायला पाणी कुठनं आनायचं?" तिसऱ्या शनिवारी, "सर्दी झाली तर शेंबूड गोठतो का गं?" मॅडम म्हणायच्या, आता नाही सांगता येत तात्या, पुढच्या शनिवारी सांगते. आणि आठवडाभर पुस्तकं धुंडाळायच्या. पुस्तकात नसेल तर खरंच जाऊन आलेल्यांना पत्र लिहायच्या, पुढे फोन करायच्या. शेंबडाच्या प्रश्नासाठी त्यांनी मोहिमेवर जाऊन आलेल्या एका स्वयंपाक्याचा नंबर मिळवला होता. "सर," त्या मला म्हणाल्या, "तिथे राहून आलेल्यांना नसेल तेवढं मला तिथल्या राहण्याबद्दल माहीत आहे."

"मग सांगून टाका ना तात्यांना."

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला? त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे ती. ती मी काढून घेऊ?"

मी उठून दोन्ही चहांचे पैसे दिले.

त्या निवृत्त व्हायच्या वर्षी लासुर्ण्याच्या तरुण मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. बुद्धपौर्णिमेला, सकाळी, विहाराशेजारच्या हॉलमध्ये. आठ दिवस आधीच रस्त्यावर फ्लेक्स लागला. मध्ये मॅडमचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, दोन्ही बाजूंना पेंग्विन, मागे बर्फाचा डोंगर आणि त्या डोंगरावर एक भलंमोठं पांढरं अस्वल. खाली मोठ्या अक्षरांत, 'दक्षिण ध्रुव जिंकून आलेली लासुर्ण्याची लेक'. मॅडमनी मंडळाच्या अध्यक्षाला फोन केला. मला वाटलं, आता सांगतील. त्या म्हणाल्या, "अस्वल काढा. ते उत्तर ध्रुवावर असतं."

"मॅडम, छापून झालाय की," अध्यक्ष म्हणाला.

"मग झाका. अस्वल असेल तर मी स्टेजवर येणार नाही."

दुसऱ्या दिवशी अस्वलाच्या जागी गोल चौकटीत गॉगल घातलेल्या अध्यक्षाचा फोटो चिकटवलेला होता. मागून अस्वलाचे दोन कान तेवढे दिसत होते.

मंडळाची पोरं माझ्याकडेही आली, मानपत्र लिहून द्या म्हणून. त्यांच्या पाठोपाठ मॅडम आल्या. त्यांनी अटी घातल्या: एकही वाक्य खोटं नको, आणि तात्यांना काही कळता कामा नये. मी तीस वर्षं मराठी शिकवली, पण इतकं अवघड काम मला भाषेने कधी दिलं नव्हतं. मी लिहिलं, 'दक्षिणेचा अथांग सागर ज्यांच्या टेबलावर अवतरला'. मॅडमनी खोडलं. "सागर नाही, बरणी." मी लिहिलं, 'हिमवाऱ्यांशी ज्यांनी झुंज दिली'. त्यांनी खोडलं. "पंखा बंद पडायचा, त्याच्याशी दिली." सहाव्या मसुद्यात मी असं लिहिलं की त्या थंड समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांच्या अन्नाचा शोध घेण्यात त्यांनी आपली उमर घातली, आणि तो समुद्र या तालुक्यातल्या मुलामुलींच्या जवळ आणला. मॅडमनी दोनदा वाचलं आणि मान डोलावली. मला माझा अभिमान वाटला. एका बनवाबनवीत सामील झालो आहे, याची थोडी लाजही वाटली.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "सर, उद्या शाळेच्या मुली येणार आहेत. एकीने निबंध लिहिलाय, मी मॅडमसारखी दक्षिण ध्रुवावर जाणार. तो ती वाचून दाखवणार आहे."

"छान आहे की."

"छान कसलं? ती मला विचारणार, कसं जायचं. मला रस्ता माहीत नाही, सर. लोकांना गंमत म्हणून काही वाटू देणं वेगळं. पोरीला चुकीचा रस्ता दाखवणं वेगळं." मग म्हणाल्या, "मी उद्या सांगणार. तुम्ही तात्यांच्या शेजारी बसा. त्यांना काही झालं तर आधी पाणी द्या, मग माझ्याकडे बघा."

मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. तात्या पहिल्या रांगेत पांढराशुभ्र सदरा घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी शेजारी बसलो. मानपत्र वाचून झालं, टाळ्या झाल्या. निबंधवाल्या मुलीने निबंध वाचला. मॅडम उठल्या. कधी नव्हे तो त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता. त्यांनी मानपत्राची चौकट टेबलावर पालथी ठेवली आणि माईकजवळ गेल्या.

"मी दक्षिण ध्रुवावर कधीही गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "निवड झाली होती. तपासणीत नापास झाले. ते चार महिने मी गोव्यात होते, आणि परत आल्यावर सांगायचं धाडस झालं नाही. मासे खरे आहेत. त्यांच्या पोटांबद्दल मी जे लिहिलं ते सगळं खरं आहे. गेले होते हे तेवढं खोटं."

स्टेजवरच्या अध्यक्षाने गॉगल काढून खिशात ठेवला. सगळ्यांच्या माना एकदम तात्यांकडे वळल्या. मी बाटलीचं झाकण उघडलं.

तात्या शांतपणे म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय, तात्या?" अध्यक्षाने विचारलं.

तात्या काठीवर जोर देऊन उभे राहिले. "ही गेली न्हवती ते. मी गोव्याला गेलतो. म्हैना झाला तरी हिचं पत्र न्हाय. मग पाकिटावरचा पत्ता धरून निघालो, भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी बांधून. म्हनलं, जहाज कवा येतंय ते तरी इचारावं. गेटावरचा राखणदार म्हनला, ती? ती तर हितंच हाय, आत. आनखी म्हनला, जहाज आल्यावर बगा, बर्फाच्या उजेडानं मानसं काळी होऊन येत्यात. मग मी खिडकीतनं बघितलं. पोरगी मान खाली घालून माशाचं पोट उसवत हुती. मी दोनदा खाकरलो, तरी वर बघितलं न्हाय, इतकं चित्त लागलं हुतं. म्हनलं, आता आत गेलो तर तिला उगं वशाळल्यागत हुईल. भाकरी राखणदाराला दिली आन् माघारी आलो."

"आणि हलगी?" मॅडम माईकवरूनच म्हणाल्या. "सगळं माहीत असताना हलगी कशाला लावलीत?"

"हलगी जहाजात बसल्याबद्दल न्हवती," तात्या म्हणाले. "पोरगी घरी आली म्हनून हुती."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "तात्या, मग तीस वर्षं मला दात घासायचं पाणी कशाला विचारत होता? शेंबूड कशाला?"

"तू कशी सुटतीस ते बघाया," तात्या म्हणाले आणि खाली बसले. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात पुढे बोलले, "दर शनवारी नवं कायतरी वाचून यायची. म्या येवढा शिकलो नसतो कुठं." त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, दोन घोट पाणी प्यायले आणि झाकण लावून मला परत दिली.

हॉल हसत होता, काही बायका डोळे पुसत होत्या, आणि अध्यक्षाला आता आभार मानायचे कसे हे कळत नव्हतं. निबंधवाली मुलगी तेवढी हसली नव्हती. ती स्टेजजवळ जाऊन उभी राहिली. "मॅडम, मग आम्ही जायचं कसं?"

"मला रस्ता माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण जे जाऊन आलेत त्या सगळ्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. तात्यांमुळे गोळा झाले. त्यात एक स्वयंपाकी आहे, त्याला आधी विचार, तो सगळ्यांत खरं सांगतो." त्यांनी तिथेच पर्समधून डायरी काढली आणि मुलीला नंबर लिहून घ्यायला लावले. जेवणं होईपर्यंत तिच्याभोवती आणखी सात-आठ मुली जमल्या होत्या.

बाहेर पडताना मॅडमनी मानपत्र माझ्यासमोर धरलं. "बघा सर, एकही शब्द बदलावा लागला नाही." माझं कौतुक त्यांनी आयुष्यात तेवढं एकदाच केलं.

फ्लेक्स पुढे महिनाभर तसाच राहिला. 'जिंकून आलेली' हे शब्द कुणीतरी चुन्याने पुसून काढले होते. 'दक्षिण ध्रुव' आणि 'लासुर्ण्याची लेक' एवढंच उरलं. पावसाने अध्यक्षाचा फोटो सुटला आणि मागचं अस्वल पुन्हा बाहेर आलं. मॅडमनी त्यावर फोन केल्याचं मी ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर त्या लासुर्ण्याला राहायला गेल्या. शनिवारची वाट बघायची गरज उरली नाही, आणि तात्यांचे प्रश्न आता रोज येऊ लागले, म्हणून त्या तक्रार करायच्या. पुढच्याच थंडीत तात्या गेले. दुपारी जेवून बाजेवर पडले ते उठले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. मी काही सांत्वन करायच्या आत त्या म्हणाल्या, "परवा विचारत होते, माशाला भूक लागली हे त्याला कुठे कळतं, डोक्यात की पोटात. मी म्हटलं, बघून सांगते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अजून बघते आहे."

दोन महिन्यांनी त्यांना गोव्याच्या त्याच संस्थेतून बोलावणं आलं. जुन्या बरण्यांची मांडणी करायची होती. लेबलं पुसट झाली होती आणि त्यांवरचं अक्षर वाचू शकेल असं तिथे कुणी उरलं नव्हतं. घराला कुलूप लावून त्या गेल्या. त्यांना सोडायला मी बारामतीच्या स्टँडवर गेलो होतो. त्यांनी खिडकीतून माझी खरडपट्टी काढली, की मी अजून विद्यार्थ्यांच्या उत्तरांना न वाचता मार्क देतो. ते खरं होतं. त्यांना ते कसं कळलं, हे मला अजून समजलेलं नाही. मात्र त्यानंतर मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागलो, आणि मुलं काय काय लिहितात ते बघून थक्क होतो.

मॅडम नसलेल्या त्या पत्र्याच्या खोलीत आता जुनी बाकं ठेवली आहेत. माझ्या वर्गात वास येत नाही. चांदण्यावरची कविता मी सलग शिकवू शकतो, आणि ती मला पूर्वीइतकी आवडत नाही.

परवा त्यांचा फोन आला. आवाजात मी पूर्वी कधी ऐकला नव्हता इतका आनंद. "सर, चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी. तीस वर्षांपूर्वीची. एका बरणीवर माझ्या अक्षरात लिहिलंय, पोटात अळीचा तुकडा. आज परत उघडून भिंगाखाली घेतला. अळी नाहीच ती, सर. समुद्री गोगलगायीचा पाय आहे. त्या वेळी मी रडत रडत काम करायचे, तेव्हा नीट दिसलं नसणार."

"मग आता काय केलंत?"

"लाल शाईने दुरुस्त केलं, खाली सही केली, आजची तारीख घातली. आणि आता उरलेल्या सगळ्या उघडणार आहे. त्या चार महिन्यांतली माझी एकही बरणी सोडणार नाही."

"किती आहेत?"

"चारशे असतील," मॅडम म्हणाल्या. "ठेवते आता. एक उघडी आहे."